तडकलेला नेक, स्क्रू आणि गोंद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गिटारचा तडकलेला नेक (तारांखालचा लांब दांडा) घरी चिकटवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत : नुसत्या गोंदावर नेक टिकत नाही, अराल्डाइट (इपॉक्सी गोंद) आणि दोन स्क्रू हाच पक्का इलाज, आणि नवशिक्यांना हे घरी करायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. तुम्ही पंचवीस वर्षं फर्निचर करताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. ‘लाकडाचा कुठलाही गोंद चालेल’ हे वाक्य मी लिहायलाच नको होतं. साधा पांढरा फेविकॉल खुर्चीला उत्तम. पण अकूस्टिक गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून नेकला ७० किलोंच्या वर ओढत असतात, तेही दिवसरात्र. अशा सततच्या ताणाखाली पांढऱ्या गोंदाचा सांधा हळूहळू सरकतो. उन्हातल्या बंद गाडीत गिटार राहिली तर आणखी लवकर. मी वापरला होता तो पिवळा टाइटबाँड ओरिजिनल. तो सुकल्यावर जास्त कडक राहतो. लेखात आता तसंच लिहिलंय.

स्क्रूचं मात्र मला अजिबात पटत नाही. खुर्चीच्या पायात लाकूड भरपूर असतं, पण नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात, त्या पट्टीच्या) मागे नेक किती बारीक होतो ते बघा. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असतात तो शेंडा, मागे कललेला, गिब्सनच्या बऱ्याच गिटारींत १७ अंशांनी, आणि सगळा एकाच फळीतून कापलेला. म्हणजे तिथले तंतू तिरपे कापले जाऊन आखूड पडतात. त्यात ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) फिरवायला वरून खाच कोरलेली. म्हणून तडा नेमका तिथेच जातो. फेंडरचा सरळ हेडस्टॉक असा क्वचितच मोडतो. एवढ्याशा लाकडात भोक पाडलं की उरलेसुरले तंतूही तुटतात, आणि पुढची चीर त्या भोकातूनच निघते.

अशी एक गिटार माझ्याकडे आली होती. स्क्रू काढले, तर दोन्ही भाग एकमेकांवर बसेचनात. मध्ये भुसा अडकलेला आणि त्यावर इपॉक्सीचा काचेसारखा थर. त्या थरावर लाकडाचा गोंद धरत नाही, आणि तो खरवडायला गेलं की खालचं लाकूड निघतं. शेवटी कारागिराने खाचा पाडून आत नव्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. लाकडाचा तुकडाच उडालेला असेल तर इपॉक्सी योग्य, हे मान्य. पण तंतूला तंतू जुळत असेल तिथे तिने पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते.

माझ्या भाच्याची गिटार स्टँडवरून पडली, तेव्हा तारा लगेच सैल केल्या. हेडस्टॉक हलकेच मागे वाकवला की चीर माशाच्या कल्ल्यासारखी उघडायची, सोडला की मिटायची. आतलं लाकूड स्वच्छ होतं. गोंद न लावता क्लॅम्प दोनदा लावून पाहिले, मग सिरिंजने गोंद भरला, हेडस्टॉक वाकवत-सोडत तो टोकापर्यंत जिरवला, ओघळ ओल्या फडक्याने पुसले. ट्रस रॉडच्या खाचेत गोंद जाऊ दिला नाही. पावसाळा होता, म्हणून तीन दिवस हात लावला नाही.

तिसरा आक्षेप अर्धा मान्य. चीर लांब, तिरपी आणि स्वच्छ असेल तरच घरी करा. तुकडा आडवा मोडलाय, चिरेत आधीचा गोंद आहे किंवा वाद्य मौल्यवान आहे, तर सरळ कारागिराकडे जा. ही अट आता लेखात सगळ्यात वर टाकलीय, ती तुमच्यामुळे.

एक विचारायचं होतं. खुर्चीच्या गोल पायांना क्लॅम्प लावताना तुम्ही मागे आधाराला काय ठेवता? मी कॉर्क लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळतो, तरी नेकच्या गोलाईवर क्लॅम्प थोडा सरकतोच.