मावशीचा ५२ आणि फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड

मावशी तीन दिवस धड जेवली नाही. कारण काय, तर ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड. वर 'प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा', खाली जोडलेले हात आणि मध्ये चार फर्मानं: सोनोग्राफीत गाठ निघाली की ती कॅन्सरचीच, रक्तातलं सीए-१२५ नावाचं प्रथिन पस्तीसच्या वर गेलं की कॅन्सर पक्का, गाठीला सुई लावू देऊ नका, पसरतो, आणि मुलंबाळं झाली असतील तर पिशवी काढून मोकळ्या व्हा.

मावशी ४४ वर्षांची. अंगावरून फार जातं म्हणून सोनोग्राफी केली, तर गर्भाशयाच्या भिंतीत चार सेंटीमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे स्नायूंची गाठ. फॉरवर्ड वाचून ती कुणाला न सांगता लॅबमध्ये गेली, तीही पाळीच्या दुसऱ्या दिवशी. आकडा आला ५२. त्याभोवती तिने लाल पेनाने गोल केलाय.

आधी हा ५२ घेऊ. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये सीए-१२५ वाढतं, खरंय. पण ते पाळीतही वाढतं, गरोदरपणात वाढतं, फायब्रॉइडमध्ये वाढतं, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तेव्हाही वाढतं. पोटाच्या टीबीत तर इतकं चढतं की कॅन्सरच वाटावा. उलट अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असतो तेव्हा जवळपास निम्म्या बायकांमध्ये ते नॉर्मल येतं. म्हणजे ज्यांना नाही त्यांची झोप उडवायची आणि ज्यांना आहे त्यांना गाफील ठेवायचं! ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांवर याचा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए-१२५ची तपासणी, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. सोळा वर्षांच्या आसपास पाठपुरावा केला. २०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: तपासण्यांमुळे अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. डॉक्टर ही तपासणी सांगतात ती सोनोग्राफी, वय, लक्षणं यांच्या जोडीला. नुसत्या आकड्यावर कुणी कॅन्सर ठरवत नाही.

'गाठ म्हणजे कॅन्सर' हे तर बोलूच नये. अंडाशयातल्या पाण्याच्या साध्या गाठी पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये दोन-तीन महिन्यांत बहुधा आपोआप जिरतात. डर्मॉइड नावाच्या अंडाशयाच्या गाठीत केस आणि दातसुद्धा सापडतात, तरी ती बहुतेकदा साधीच असते. फायब्रॉइडचे तर जागेवरून ० ते ८ असे प्रकार पाडलेत. शून्य म्हणजे पिशवीच्या पोकळीत लोंबणारा, तो पोटावर चिरा न देता खालून दुर्बिणीने काढता येतो. सात म्हणजे बाहेरून देठाने लटकणारा. मावशीचा चार, पूर्ण भिंतीतला. फायब्रॉइडसारखा दिसणारा सार्कोमा हा कॅन्सर असतो, पण फार क्वचित. पाळी गेल्यावर गाठ वाढू लागली किंवा रक्त गेलं, तर मात्र लगेच दाखवायचं.

सुईचं अर्धं खरं आहे, मानतो. अंडाशयाची गाठ संशयास्पद असेल तर डॉक्टर तिला टोचत नाहीत, आतलं पोटात सांडू नये म्हणून. पण हाच नियम स्तनाच्या किंवा मानेच्या गाठीला लावून बाया बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, टाळायला लागल्या, तर त्याचं पाप या फॉरवर्डवाल्यांच्या माथी.

आणि 'पिशवी काढून मोकळ्या व्हा'? बीडच्या ऊसतोड बायकांना विचारा. तिथे इतक्या जणींच्या पिशव्या काढल्या गेल्या की २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ती याच 'मोकळं होण्या'साठी. कंबरदुखी घेऊन कित्येकजणी अजून कारखान्यावर जातात.

मावशीला परवा डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, आठ. लोहाच्या आणि रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी. लाल गोलाकडे बघून एवढंच विचारलं, "ही तपासणी कुणी सांगितली?" मावशी माझ्याकडे बघायला लागली.