रद्द झालेल्या रकान्याची नोंद कुठे करायची?

सरकारी कामातले नवोपक्रम मोजायचे कसे, हा प्रश्न माझ्यापुढे एका तक्त्यातून आला. ‘वर्षभरात राबवलेले नावीन्यपूर्ण उपक्रम : संख्या’ असा त्याचा मथळा होता. आमच्या कार्यालयातल्या एका लिपिकाने त्या वर्षी अर्जातला एक रकाना काढून टाकला होता, कारण ती माहिती आमच्याच नोंदवहीत असायची आणि दोन्हींत अक्षराचा फरक निघाला तरी अर्जदाराला पुन्हा यावे लागे. लोकांचा हेलपाटा वाचला. पण काढून टाकण्याला उपक्रम कसे म्हणायचे, म्हणून तक्त्यात ते गेलेच नाही. फारसे कोणी न उघडणारे एक अ‍ॅप मात्र पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

दोष केवळ तक्ता आखणाऱ्याचा नाही. नवोपक्रम मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ऑस्लो नियमपुस्तिका १९९२ साली आली ती उद्योगांसाठी. सरकारसह सर्व क्षेत्रांना लागू पडेल अशी व्याख्या तिच्यात २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत आली. उद्योगाला निदान विक्रीचा आकडा असतो. सरकारी सेवेला बाजारभाव नसल्यामुळे राष्ट्रीय हिशेबात तिचे उत्पादन बहुधा तिच्यावर झालेल्या खर्चाइतकेच धरले जात आले आहे, आणि मग तेच काम निम्म्या खर्चात करून दाखवणाऱ्या विभागाचे उत्पादन कागदावर निम्म्याने घटते! ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ टोनी अ‍ॅटकिन्सन यांच्या २००५ च्या अहवालाने सेवेचे प्रमाण आणि गुणवत्ता थेट मोजण्याचा आग्रह धरला तो यासाठीच.

डेन्मार्कने २०१५ पासून सरकारी कार्यालये, शाळा, रुग्णालये यांना थेट विचारायला सुरुवात केली. तुम्ही केलेला बदल स्वतःचा, की दुसऱ्याचे पाहून केलेला, हेही तिथे विचारतात आणि उसना बदलही मोजणीत धरतात, हे मला फार शहाणपणाचे वाटते. अडचण एवढीच की उत्तर देतो तो तिथला प्रमुखच, आणि आपल्या हाताखाली काही घडले नाही असे कोण लिहून देईल?

म्हणून मोजणी खिडकीच्या बाहेरच्या बाजूने व्हावी असे माझे मत आहे : अर्जदाराच्या खेपा किती, कागद किती, दिवस किती लागले, आणि दोन वर्षांनी तो बदल टिकून आहे का. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. त्या लिपिकाची बदली झाली, अर्ज नव्याने छापून आले, आणि तो रकाना त्यांत होता तसा परत आला होता.