आओस्ताच्या दरीतले किल्ले खरोखर ‘नटवलेले वाडे’ आहेत का?

मिलानहून माँ ब्लांक शिखराच्या बाजूला जाणाऱ्या मराठी प्रवाशांमध्ये इटलीच्या वायव्य कोपऱ्यातल्या आओस्ताच्या दरीतल्या किल्ल्यांविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. त्यात चार विधाने ठामपणे केली आहेत. एक, या किल्ल्यांनी लढाई पाहिलेली नाही, त्यामुळे हे किल्ले नव्हेत, सरदारांचे नटवलेले वाडे आहेत. दोन, अपवाद एकट्या बार्डचा. मध्ययुगीन आणि लढाऊ असा तेवढाच खरा. तीन, बाकीचे दुरुस्तीच्या नावाखाली नव्याने उभे केलेले, म्हणून खोटे आहेत. चार, सगळे एकाच घराण्याचे असल्याने एक पाहिला की सगळे पाहिले, आणि त्याला अर्धा दिवस पुरतो. शेवटी ‘आपल्या सह्याद्रीपुढे हे काहीच नाही’ असा शेराही आहे. गड पाहत वाढलेल्या माणसाला हा शेरा सुखावतो, आणि त्यामुळेच बाकीचा मजकूर कोणी तपासत नाही.

बार्डपासून सुरुवात करतो, कारण तिथे मजकूर सरळसरळ चुकला आहे. डोरा बाल्तेआ नदीच्या अरुंद घळीत उभ्या खडकावर टप्प्याटप्प्याने चढत गेलेला जो अवाढव्य किल्ला आज दिसतो, तो दरीवर तेव्हा राज्य करणाऱ्या सॅव्हॉय घराण्याने १८३० ते १८३८ या काळात बांधलेला आहे. त्याचा आराखडा ओलिव्हेरो या लष्करी अभियंत्याचा. त्या जागी पूर्वी मध्ययुगीन किल्ला होता हे खरे, आणि तो लढला हेही खरे. मे १८०० मध्ये नेपोलियनचे सुमारे ४०,००० सैन्य २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून दरीत उतरले, तेव्हा बार्डमधल्या सुमारे ४०० ऑस्ट्रियन शिबंदीने त्याची वाट जवळजवळ दोन आठवडे अडवून धरली. फ्रेंचांना आपल्या तोफा रात्रीच्या अंधारात, आवाज होऊ नये म्हणून चाकांना गवत गुंडाळून, किल्ल्याच्या माऱ्याखालच्या गावातून पुढे काढाव्या लागल्या. किल्ला पडल्यावर नेपोलियनने तो जमीनदोस्त करवला. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून का तोडल्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा हुकूम समजावून सांगावा लागणार नाही. म्हणजे जो बार्ड लढला तो आज नाही, आणि जो आज आहे त्याच्यावर तशी वेळ कधी आली नाही. तो लष्करी तुरुंग झाला, पुढे १९७५पर्यंत दारूगोळ्याचे कोठार होता आणि २००६पासून संग्रहालय आहे. बार्ड अवश्य पाहावा, पण एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी बांधकामाचा उत्तम नमुना म्हणून पाहावा.

आता ‘वाडे’ या मुख्य आक्षेपाकडे वळू. लढाई झाली तरच किल्ला, ही कसोटी मुळात चुकीची आहे. आल्प्स ओलांडणाऱ्या दोन मोठ्या खिंडी या दरीत उतरतात. त्या वाटेने व्यापारी, सैन्ये आणि रोमला निघालेले यात्रेकरू शतकानुशतके जात आले, आणि वाट ज्याच्या हाती त्याच्या हाती जकात, हे गणित घाटवाटांच्या प्रदेशात वाढलेल्यांना नवे नाही. या दरीत सर्वांत बलवान झालेले शालां घराणे आओस्ताचे व्हायकाउंट, म्हणजे काउंटाच्या वतीने कारभार पाहणारे सरदार होते. १२९५ मध्ये त्यांनी ते पद सॅव्हॉयच्या काउंटाकडे सोपवले आणि बदल्यात जहागिरी पक्क्या करून घेतल्या. काउंट न्यायदानासाठी दरीत येई, तेव्हा तेवढ्या काळापुरते सरदारांना आपापले किल्ले त्याच्या स्वाधीन करावे लागत. अशा व्यवस्थेत किल्ला म्हणजे हक्काचा दगडी दाखला असतो. न्याय इथे मिळतो, सारा इथे भरायचा आणि हुकूम इथून सुटतो, हे तो न लढताही सांगत असतो.

वेर्रेसचा किल्ला पाहिल्यावर ‘नटवलेला’ हा शब्द कोणालाही सुचणार नाही. इब्लेतो द शालां याने १३९० मध्ये तो पुरा केला. तसा कोरीव लेखच तिथे आहे. सुमारे ३० मीटर बाजूचा तो एकसंध दगडी घन आहे, त्याच्या भिंती अडीच मीटर जाडीच्या आहेत, आणि दरवाजावर शत्रूच्या डोक्यावर दगड लोटण्यासाठी पुढे काढलेले सज्जे आहेत. आतल्या चौकाभोवती कमानींवर तोललेला दगडी जिना वर चढत जातो. सजावट म्हणावी ती एवढीच, आणि माझ्या मते सबंध दरीतले ते सर्वांत देखणे बांधकाम आहे. तोफांचे युग आल्यावर, १५३६ मध्ये, रने द शालां याने बाहेरून तोफांसाठी बुरुजांचा नवा तट घातला. पुढे १६६१ मध्ये सॅव्हॉयच्या ड्यूकने इथली शस्त्रसामग्री काढून बार्डला हलवली. निव्वळ वाड्यातून तोफा हलवाव्या लागत नाहीत.

नदीच्या पलीकडे, वेर्रेसच्या जवळजवळ समोर, इसोन्ये आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा हाच असावा, कारण त्याला नावापुरताच तट आहे आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस ज्यॉर्ज द शालां या धर्माधिकाऱ्याने त्याला राहत्या प्रासादाचे रूप दिले. तो वाडा आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण समोर वेर्रेससारखा पहारेकरी असल्यावर इसोन्येला तट कशाला हवा होता? दोन्ही एकाच घराण्याकडे होते, आणि दोन्ही मिळूनच त्या घराण्याची सत्ता कळते. रायगडावर राजवाडा, सदर आणि बाजारपेठ आहे म्हणून आपण त्याला गड म्हणायचे सोडत नाही. मग सुरक्षा आणि संसार नदीच्या दोन काठांवर वाटून ठेवणाऱ्यांना वेगळा न्याय का?

शिवाय इसोन्येच्या भिंतींवर जे आहे, ते लढाऊ गडांवर सहसा हाती लागत नाही. चौकालगतच्या ओवरीत कमानीखालच्या अर्धवर्तुळांत तेव्हाचे रोजचे जीवन रंगवले आहे: पहाऱ्याच्या खोलीत पट खेळणारे शिपाई, खाटीक, भटारखाना, भाजीबाजार, शिंप्याचे दुकान, बरण्यांच्या रांगांमध्ये बसलेला औषधविक्रेता. एका दुकानातली चीजची चाके म्हणजे या दरीच्या फोंतिना चीजचे जुन्यात जुने चित्र मानतात. भिंतींवर तिथे राहिलेल्या आणि आलेल्या-गेलेल्या माणसांनी खरवडलेली वाक्येही आहेत. राजांच्या तहनाम्यांतून न दिसणारी माणसे इथे दिसतात, आणि तेवढ्यासाठी मी बार्डचा एखादा तास आनंदाने कमी करेन.

‘खोटे’ या आक्षेपात थोडे तथ्य आहे, पण ते भलत्याच ठिकाणी लावले आहे. फेनिसचा किल्ला शालां घराण्याने १७१६ मध्ये विकला आणि नंतर तो मोडकळीला येऊन शेतीच्या कामी वापरला जाऊ लागला. १८९५ मध्ये आल्फ्रेदो द’आंद्रादे या पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या वास्तुतज्ज्ञाने त्याची दुरुस्ती हाती घेतली, आणि विसाव्या शतकात आणखी काम झाले. म्हणून तिथली प्रत्येक चर्या चौदाव्या शतकातली नाही. पण चौकातल्या अर्धगोल पायऱ्यांच्या माथ्यावर अजगराला भाल्याने भेदणारा संत जॉर्ज आणि सज्ज्यांवरचे, जुन्या फ्रेंचमधील वचनांच्या पट्ट्या हाती धरलेले ऋषितुल्य पुरुष ही चित्रे पंधराव्या शतकातलीच आहेत. इसोन्ये तर व्हित्तोरिओ आव्होंदो या चित्रकाराने १८७२ मध्ये स्वतः विकत घेऊन सावरले आणि १९०७ मध्ये सरकारला दिले. नक्कलच पाहायची असेल तर ती तुरीनला आहे: १८८४ च्या प्रदर्शनासाठी याच मंडळींनी तिथल्या व्हालेंतिनो उद्यानात एक मध्ययुगीन गाव उभारले, त्यात फेनिसचा चौक आणि इसोन्येचे लोखंडी डाळिंबाच्या झाडाचे कारंजे यांच्या प्रतिकृती आहेत. मूळ वस्तू दरीतच आहेत.

ज्यांच्याविषयी सावध राहायला हवे, त्यांची नावे मात्र मजकुरात नाहीत. सां-पियेरच्या किल्ल्याचे परीकथेतल्यासारखे चार टोकदार मनोरे एकोणिसाव्या शतकात चढवलेले आहेत. ग्रेसोनेचा किल्ला इटलीच्या राणी मार्गेरितासाठी १८९९ ते १९०४ मध्ये बांधला. त्याचे मध्ययुगीन रूप ही निव्वळ त्या काळाची हौस आहे.

सगळे सारखे, या विधानाला फार वेळ देण्याचे कारण नाही. वेर्रेस आणि इसोन्येतला फरक वर आलाच आहे. फेनिस चक्क कुरणात उभा आहे. कडा नाही, पाण्याचा खंदक नाही, तरी दुहेरी तट आणि बुरुजांची गर्दी, कारण तो शत्रूपेक्षा शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी जास्त होता. शातियाँ गावाच्या वर चढणीवर असलेला उसेल चौदाव्या शतकाच्या मध्यातला आहे. एकाच दगडी ठोकळ्यात गडाचा कणखरपणा आणि नक्षीदार जोडखिडक्या यांचा मेळ त्यात आहे. बॉलपेनमुळे घराघरांत पोहोचलेल्या मार्सेल बिक या उद्योजकाने तो विकत घेऊन प्रादेशिक शासनाला दिला. घराणे एक असले तरी प्रत्येक पिढीची गरज निराळी होती, आणि ती बांधकामात उतरली.

अर्ध्या दिवसाचे म्हणाल, तर त्या हिशेबात गावे धरलेलीच नाहीत. बार्डच्या पायथ्याचे गाव म्हणजे खडक आणि नदी यांच्या बेचक्यात सापडलेली जवळजवळ एकच दगडी गल्ली आहे. नेपोलियनच्या तोफा जिथून गेल्या ती हीच वाट, आणि त्याआधी यात्रेकरू आणि रोमन सैन्य याच वाटेने गेले. थोडे खाली दोनास इथे रोमनांनी कडा तासून केलेला रस्ता, कड्यातच सोडलेली दगडी कमान आणि आओस्तापासूनचे ३६ मैल दाखवणारा कोरीव मैलाचा दगड आहे. वेर्रेस गावात दरवर्षी कार्निव्हलच्या दिवसांत कातेरिना द शालां हिची आठवण जागवतात. १४४२ मध्ये वडील वारल्यावर वारसाहक्कासाठी आप्तांशी वर्षानुवर्षे झगडलेली ही स्त्री १४४९ मध्ये गावच्या चौकात उतरून लोकांबरोबर नाचली, अशी तिथली परंपरा सांगते.

वेर्रेस आणि इसोन्ये यांना मिळून एक पूर्ण दिवस द्यावा. बार्ड, तिथली गल्ली आणि दोनासचा रस्ता यांना दुसरा, आणि फेनिस व उसेल यांना तिसरा. आत बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकासोबत गटानेच सोडतात, त्यामुळे वेळ आधी ठरवून ठेवावी. बार्डला काचेच्या लिफ्टने माथ्यावर जाता येते, पण चढताना गावातून पायी जावे आणि लिफ्ट उतरताना वापरावी.