धंदा राहू द्या, आधी फाइल करा

बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत दुकान टाकताय? अभिनंदन! भांडवल, माल, गिऱ्हाईक या किरकोळ गोष्टी मागाहून बघता येतील.

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्या. काटा बरोबर असला तरी.

अर्ज कन्नडात आहे. वाचता येत नसेल तर दारातच भरून देणारे बसलेत, त्यांचंही पोट आहे.

आधारवर वडिलांचं पूर्ण नाव आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर असेल तर उत्तम. पोर्टलला तेवढाच विरंगुळा.

जीएसटी नंबर काढायचा असेल तर गाळा मात्र जुन्या वाड्यातलाच भाड्याने घ्या. घरपट्टी काकांच्या नावे, लाइट बिल आजोबांच्या, आणि आजोबा कैलासवासी. परवाच अशा एका अर्जावर शंका निघाली. अर्ज केलात की ०३ नंबरच्या फॉर्मात नोटीस येते : मालकीचा पुरावा जुळत नाही. कामाच्या सात दिवसांत ०४ मध्ये उत्तर द्यायचं. नोटीस येते ईमेलवर, ईमेल एजंटाचा, एजंट लग्नाला गेलेला. मुदत टळली की ०५, अर्ज नामंजूर, पुन्हा पहिल्यापासून. उत्तर दिलंत तर मालकाचं पॅन आणा, गाळ्यासमोर उभं राहून फोटो काढा. त्यात तुमचं घर हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात असेल तर विचारणार, तिकडचा माणूस इकडं धंदा कशाला करतो? अहो, चंदगडातल्या शिनोळीच्या माणसानं दुकान टाकायचं कुठं, दिल्लीत? त्यांची बाजारपेठ पिढ्यान्‌पिढ्या बेळगावच आहे की! आणि मेलेल्या माणसाच्या नावानं दर महिन्याला बिल भरून घेताना शंका येत नाही, ती नेमकी नंबर देतानाच कशी येते?

ट्रेड लायसन्सचं नूतनीकरण मार्च संपता संपता करा. सगळं गाव तिथेच भेटतं.

थट्टा पुरे. १७ एप्रिल २०२५ ला केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावलंय : भाडेकराराबरोबर मालकीसाठी घरपट्टीची पावती, पालिकेचा खाते उतारा, लाइट बिल यांतला कुठलाही एकच कागद पुरे. करार नोंदणीकृत असेल तर मालकाचं ओळखपत्रही नको. अर्जदार दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यात राहतो म्हणून शंका काढायची नाही. केंद्राच्या साहेबांना हे कळतं, तर राज्याच्या साहेबांना कळायला काय हरकत आहे?

आणि दुकानदारांनो, तुम्हीही काही कमी नाही. ट्रेड लायसन्स 'सकाल'मध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीत सेवा देण्याच्या कर्नाटकच्या कायद्यात येतं. अर्ज दिला की पंधरा अंकी नंबराची पावती मिळायला हवी, मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, भरपाई मागता येते. रक्कम चिल्लर आहे, पण ती जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून कापतात, हे साहेबांना पक्कं ठाऊक असतं. तरी तुम्ही पावती मागत नाही, अपील करत नाही, शंका तोंडी सांगितली तर लेखी द्या म्हणत नाही. मुकाट्यानं पाकीट काढता आणि बाहेर चहा पिताना सरकारला शिव्या देता. शिव्या आत जाऊन द्या, त्याही लेखी!