बीटाने रक्त वाढत नाही
एका लेखात रक्तवाढीसाठी बीट आणि गूळ खायला सुचवलाय, म्हणून लिहितेय. बीटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा. रक्त वाढायला लागणारं लोह त्यात १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमच्या आसपासच. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं. गुळाचा खडा पाच-दहा ग्रॅमचा, त्यातून काय मिळणार? त्यापेक्षा मटकीच्या उसळीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह नीट शोषलं जातं. आणि जेवल्या जेवल्या चहा नको, त्याने हे शोषण घटतं. आमच्याकडे बायका सगळ्यांचं उरकून शेवटी जेवतात अन् लगेच चहाचं आधण ठेवतात, बघून जीव तुटतो. हिमोग्लोबिन ७-८ वर आलं असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा, बीटाच्या रसावर महिने घालवू नका.