नेट झिरोच्या वचनात राजकारण आहे, पण मेसेजमध्ये सांगितलंय ते नाही

चंद्रपूर, यवतमाळपासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: गोऱ्या देशांच्या दबावाखाली सरकारने २०७० पर्यंत ‘नेट झिरो’ कबूल केलं, म्हणजे हवेत जेवढे तापमान वाढवणारे वायू सोडू तेवढे शोषूनही घेऊ. आता ढोरांवर आणि धानावर कर बसणार, सौरपंपाच्या नावाखाली शेतीची वीज जाणार, खाणी आणि थर्मल (कोळशावरची वीज केंद्रं) बंद पडणार, आणि फायदा होणार अमेरिकेचा. ज्यांचं पोट खाणीवर किंवा धानावर आहे त्यांना हे वाचून धडकी भरते. म्हणून हे खोडणं गरजेचं वाटतं.

आधी दबावाचं. १ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत २०७० साल जाहीर केलं. अमेरिका-युरोपने २०५० धरलं होतं, चीनने २०६०. म्हणजे या सगळ्यांत लांबची तारीख आपण घेतली. त्याच परिषदेच्या शेवटी कोळसा ‘बंद करत नेण्याची’ भाषा भारताने अडवली आणि ‘कमी करत नेण्याची’ करून घेतली. दबावाखाली वाकलेला देश असं करत नाही.

ढोरं आणि धानाचं उत्तरही ग्लासगोतच आहे. मिथेन हा तापमान वाढवणारा वायू ३० टक्के घटवण्याच्या जाहीरनाम्यावर शंभराहून जास्त देशांनी सह्या केल्या. भारताने केली नाही, कारण आपलं मिथेन मुख्यतः गुराढोरांतून आणि धानाच्या बांध्यांतून येतं. जनावरांवरचा कर डेन्मार्कने ठरवलाय, तोही २०३० पासून. इथे तसा कर नाही.

अमेरिकेचा फायदा? अमेरिका पॅरिस करारातून (उत्सर्जन घटवण्याच्या जागतिक करारातून) २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. स्वतःच्या फायद्याच्या करारातून कोण असं पळतं? श्रीमंत देशांवरचा राग मात्र रास्त आहे. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपल्याकडचा २ टन. गरीब देशांना २०२० पासून दरवर्षी १०० अब्ज डॉलर मिळवून द्यायचं वचन २००९ मध्ये दिलं गेलं आणि ते दोन वर्षं उशिरा पुरं झालं.

सौरपंपाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण कारण चुकीचं दिलंय. महावितरणची कृषी थकबाकी डोंगराएवढी आहे आणि शेतीच्या स्वस्त विजेचा भार कारखान्यांच्या बिलावर पडतो. तो उतरवायला सरकारला सौर हवंय. त्यात मतांचंही गणित आहे: साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. दिवसा वीज मिळावी ही आपलीच जुनी मागणी आहे. रात्री वाघाच्या आणि सापाच्या भीतीत ओलित करणाऱ्याला ती नको कशी असेल? भांडायचं तर नव्या जोडणीऐवजी सौरपंपच का पुढे केला जातो, खोल बोअरला तो पुरतो का, बिघडला तर दुरुस्तीला कोण येतं, यावर भांडा.

आता खाणी आणि थर्मल. इथे मेसेज पूर्ण उलटा आहे. वचनाच्या आधी, जून २०२० मध्ये, केंद्राने खासगी कंपन्यांना व्यापारी खाणकामासाठी लिलाव सुरू केले. वचनानंतरही उत्पादन वाढतच गेलं आणि २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या वर पोचलं. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) काही खाणी बंद झाल्या, त्या कोळसा संपला किंवा तोटा झाला म्हणून.

वचनाची मोजमापंच पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं की २०३० पर्यंत जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्के घटवू. अर्थव्यवस्था वाढत राहिली की एकूण धूर वाढूनही हे साधतं. दुसरं, वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता (म्हणजे किती वीज बनू शकते ती) कोळसा-गॅसबाहेरची असेल. ते जून २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी, गाठलं. तरी प्रत्यक्ष विजेचा सर्वांत मोठा वाटा आजही कोळशाचाच, कारण सौर पॅनेल रात्री वीज देत नाही. कोळशाला धक्का न लावता पाळता येईल असंच हे वचन बांधलंय. जगात मान मिळतो, सौरउद्योगाला परकी भांडवल मिळतं, आणि इथे खाणीही चालू राहतात.

माझा आक्षेप या हेतूवर आहे. कारण या मोजमापांत चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या थर्मलमधून निघणाऱ्या राखेचा हिशेब कुठेच येत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळच्या खसाळ्याचा राख बंधारा फुटून राख शेतांत गेली; त्या शेतांनाही त्यात जागा नाही. घुग्घुस, वणी, उमरेडला खाण संपेल तेव्हा कंत्राटी कामगाराने कुठे जायचं, उकरलेली जमीन कोणी आणि कधी सारखी करून द्यायची, याची तारीख मला हवी आहे. आणि ती २०७० नंतरची नको.