ताडोब्यात सुटलेल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याबद्दल : एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय,

आपण आमच्या दुकानाला एक तारा देऊन जे लिहिले आहे, ते आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. ताडोब्यातील सफारीत आपल्या कॅमेऱ्याचा पट्टा उजव्या बाजूने सुटला, कॅमेरा जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर आदळला आणि लेन्सच्या तोंडावरचे हूड फुटले, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते आणि झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. लेन्स आणि कॅमेरा शाबूत असल्याचे आपण स्वतःच लिहिले आहे, ते वाचून जीव भांड्यात पडला.

तरीही आपल्या अभिप्रायातील एक वाक्य आम्हाला फार लागले. "दुकानदाराने पाच मिनिटांत अडीच हजारांचा पट्टा गळ्यात मारला आणि शटर ओढून घेतले," असे आपण लिहिले आहे. पट्टा २,४५० रुपयांचा होता, तेव्हा रकमेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आमचे म्हणणे त्या पाच मिनिटांबद्दल आहे.

शनिवारी आपण दुकानात पाऊल टाकले तेव्हा समोरच्या मारुतीच्या देवळात आरती सुरू होती, आणि ती रोज सव्वाआठला होते. आपल्या बिलावर छापलेली वेळ ८ वाजून ५४ मिनिटांची आहे. दुकानात सीसीटीव्हीही आहे, परंतु त्याचे चित्रण दाखवून ग्राहकाला खोटे पाडणे आमच्या रीतीत बसत नाही, म्हणून तो विषय आम्ही काढत नाही. मध्ये आपण फोनवर बोलण्यासाठी दोनदा बाहेर गेला होता, तो वेळ वजा केला तरी अर्ध्या तासाच्या खाली हिशेब येत नाही.

त्या अर्ध्या तासात काय झाले, हे इतर वाचकांनाही कळावे म्हणून सांगतो. आम्ही आधी आपला कॅमेरा आणि लेन्स विचारली, कारण वजन कळल्याशिवाय आम्ही पट्टा दाखवतच नाही. आपण निकॉन डी७५०० कॅमेरा आणि दूरचे टिपणारी २००-५०० मिमीची लेन्स सांगितली. बॅटरी व कार्डासह कॅमेरा ७२० ग्रॅम आणि कॉलरसह, म्हणजे ट्रायपॉडवर बसवण्यासाठी लेन्सभोवती असलेल्या कड्यासह, लेन्स २,३०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वर वजन झाले. एवढ्या वजनाला आमचे पहिले मत नेहमी एकच असते : पट्टा मानेत न घालता एका खांद्यावरून तिरपा घ्यावा आणि तो कॅमेऱ्याला न अडकवता लेन्सच्या कॉलरला स्क्रूने लावावा, म्हणजे लेन्सचा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे जोडली जाते त्या जागेवर, येत नाही. तो स्क्रू धक्क्यांनी सैल होऊ शकतो, म्हणून त्याला रबरी वॉशर असावा, कॅमेऱ्याच्या कडीला एक वेगळी सुरक्षेची दोरी असावी आणि गाडीत बसण्यापूर्वी स्क्रू दर वेळी हाताने आवळून पाहावा, हेही आम्ही सांगितले. आपल्याला तोच पट्टा छोट्या लेन्ससोबत लग्नकार्यातही वापरायचा होता आणि कॅमेरा कमरेशी उलटा लटकलेला आपल्याला आवडला नाही. त्यात गैर काही नाही. पट्टा ज्याच्या अंगावर राहणार त्यानेच तो निवडावा.

नंतर आपण निओप्रीनचा, म्हणजे मऊ रबरी फोमचा, पट्टा घालून पाहिला. तो दुकानात उभ्या उभ्या फार हलका वाटतो, कारण तो ताणला जातो. परंतु तीन किलो लावून चालू लागले की कॅमेरा पोटाशी वरखाली उसळत राहतो. आपण दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्यावर आपल्यालाही ते पटले. खालून रबर असलेला पट्टा आम्हीच बाजूला ठेवला, कारण तो खांद्यावरून घसरत नाही हे खरे असले तरी विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याखाली घामाची धार लागते. अखेरीस आपण आतून सुती अस्तर असलेला, रुंद आणि दोन्ही टोकांना नायलॉनची पट्टी असलेला पट्टा घेतला. एवढे सगळे पाच मिनिटांत उरकणारा दुकानदार सीताबर्डीत कोणी असेल, तर त्याच्याकडून आम्हालाही शिकायला आवडेल.

आता सुटलेल्या टोकाविषयी. काउंटरवरच्या मुलाने डावे टोक आपल्यासमोर ओवले. पट्टीचे टोक कडीतून काढायचे, मागे वळवून छोट्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून घ्यायचे, मग बकलाच्या एका फटीतून वर काढून दुसऱ्या फटीतून खाली न्यायचे, आणि मोकळे टोक बकल व मूळ पट्टी यांच्या मध्ये दाबले जाईल असे बाहेरून ओढून घ्यायचे. असे ओवले की वजन जितके खाली ओढते तितके टोक अधिक घट्ट धरले जाते. शेवटी निदान तीन बोटे पट्टी शिल्लक राहिली पाहिजे. तो उजव्या बाजूला वळणार इतक्यात बाहेर टोइंगची गाडी आली, कारण आपली चारचाकी नो पार्किंगमध्ये उभी होती. "राहू दे, घरी लावतो, यूट्यूबवर असतं सगळं," असे म्हणून आपण कॅमेरा घेऊन निघालात. आम्ही दारापर्यंत मागे आलो होतो. शटर त्यानंतर ओढले गेले, आणि तेही नऊ वाजता, रोजच्यासारखे.

गेल्या आठवड्यात आपण पट्टा परत आणलात तेव्हा आम्ही तो भिंगाखाली पाहिला. शिवण जागच्या जागी आहे, बकलाला चीर नाही आणि पट्टी कुठेही विरलेली नाही. डाव्या टोकावर बकलाने पाडलेल्या दोन आडव्या घड्या स्पष्ट दिसतात. उजव्या टोकावर एकच घडी आहे आणि तिच्यापुढची पट्टी नव्यासारखी गुळगुळीत आहे, म्हणजे ते टोक दुसऱ्या फटीतून कधी गेलेच नव्हते. एका फटीत अडकलेली नायलॉनची पट्टी घरात, रस्त्यावर, अगदी पहिल्या सफारीतही टिकते आणि कच्च्या रस्त्याचे धक्के बसू लागले की केसाकेसाने सरकत जाते. पट्टा तुटलेला नाही, तो सुटलेला आहे, आणि दुकानदाराच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आपण ज्याला "अडाणी पोरगा" म्हटले आहे, त्याने ओवलेले डावे टोक सुटले नाही. त्याच टोकाला लटकून कॅमेरा झुलला आणि दांड्यावर आदळला. तेही सुटले असते तर तीन किलोचा ऐवज जिप्सीच्या चाकाखाली शोधावा लागला असता. त्या मुलाने आपला अभिप्राय वाचला आहे. तो काही बोलला नाही, परंतु आता प्रत्येक ग्राहकाचे टोक तो तीनतीनदा ओढून पाहतो.

"सांगितल्याइतका आरामदायक नाही, मान आखडली," असेही आपण म्हटले आहे. रुंद पट्टा भार पसरवतो, त्यामुळे तो एका जागी रुतत नाही, पण भार कमी करत नाही. तीन किलो मानेत घातले तर तीन किलोच मानेत राहणार. म्हणून पट्टा लांब करून तिरपा घ्या, आणि जिप्सीत लेन्स बीनबॅगवर, म्हणजे दाण्यांनी भरलेल्या छोट्या पिशवीवर, ठेवून पट्टा फक्त आधारापुरता अंगात असू द्या, असे आम्ही सांगितले होते. बीनबॅग आमच्याकडे मिळते, परंतु आपण घेतली नाही म्हणून हे लिहितो आहोत असा गैरसमज कृपया नसावा. घरी जुनी उशी असेल तर तीही चालते.

ऑनलाइन चारशे रुपयांत असे पट्टे मिळतात, हेही खरे आहे. चारशेचा पट्टा आम्हीही ठेवतो आणि छोट्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी तो बिनदिक्कत देतो. आपल्याला तो दाखवला नाही, कारण त्याचे बकल पातळ असते आणि टोकाची शिवण एकेरी असते. तीन किलोला तो देऊन चारशे रुपये कमावण्यापेक्षा ग्राहक परत गेलेला आम्हाला परवडतो.

हे सारे इतके लांबवण्याचे कारणही सांगतो. मोबाइलने छोटे कॅमेरे बाजारातून उठवल्यापासून आमच्यासारख्या दुकानांचे घर पट्टे, बॅगा, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डे यांवर चालते. लग्नाचे फोटो काढणारी मंडळी वर्षभर आमच्याकडून माल नेतात आणि नेण्यापूर्वी हे तारे पाहतात. आपला अभिप्राय आल्यावर त्यांतील एका जुन्या ग्राहकाचा फोन आला की तुमच्याकडचे पट्टे सुटतात म्हणे. वडिलांच्या काळापासून चाललेल्या दुकानाला असे ऐकावे लागणे सोपे नसते. तारा बदलावा की नाही, हे आपण ठरवावे. निदान "पाच मिनिटे" हे शब्द तरी आपण पुन्हा एकदा तपासून पाहावेत, एवढीच विनंती आहे.

यापुढे दोन्ही टोके ओवल्याशिवाय पट्टा शक्यतो दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे, आणि ओवण्याची पद्धत दाखवणारा मराठी कागद छापून द्यावा असाही विचार चालू आहे. आपल्या लेन्सला लागणाऱ्या एचबी-७१ हूडसाठी ठोक व्यापाऱ्याकडे विचारणा केली आहे. किमतीत काय करता येईल ते प्रत्यक्ष भेटीत पाहू. आपला पट्टा आमच्याकडेच, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवला आहे. कॅमेरा घेऊन या, दोन्ही बाजू ओवून, लेन्ससह लटकवून आणि झटके देऊन आपल्यासमोर तपासून देऊ. त्याचे काही पैसे नाहीत आणि बिल आणण्याचीही गरज नाही. शनिवारची संध्याकाळ मात्र टाळावी, आणि गाडी देवळामागच्या गल्लीत लावावी. तिथे टोइंगवाले सहसा येत नाहीत.

आपला नम्र,
दुकानाचा मालक, सीताबर्डी, नागपूर